सुटलेला इलेक्ट्रॉन परत येऊ नये म्हणून: सूर्यप्रकाशासाठी घडवलेली प्रथिने

पालकाची चार-पाच पाने खलबत्त्यात कुटून मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये थोडा वेळ भिजवली आणि तो अर्क कापडातून गाळून काचेच्या पेल्यात घेतला, तर तो गडद हिरवा दिसतो. खोलीत अंधार करून त्या पेल्यावर नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च धरला, की तोच हिरवा अर्क रक्तासारखा लाल चमकू लागतो. (स्पिरिट पटकन पेट घेते, म्हणून हा प्रयोग शेगडीपासून दूर आणि खिडकी उघडी ठेवून करावा.) आता तोच टॉर्च पालकाच्या अख्ख्या पानावर धरून पाहावा. ही लाली तिथे डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. पेल्यातले हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, पानातलेच आहे. मात्र पानात ते प्रथिनांच्या घडीत नेमक्या जागी बसवलेले असते आणि पेल्यात ते मोकळे झालेले असते.

क्लोरोफिलच्या रेणूने प्रकाश शोषला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर चढतो. पेल्यातल्या मोकळ्या रेणूत त्या इलेक्ट्रॉनला जायला कुठेही जागा नसते, म्हणून काही नॅनोसेकंदांतच (एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग) तो खाली येतो आणि मिळालेली ऊर्जा लाल प्रकाशाच्या व उष्णतेच्या रूपाने सोडून देतो. पानात मात्र तो खाली येण्याआधीच शेजारच्या रेणूकडे, तिथून पुढच्या रेणूकडे असा लांब नेला जातो, आणि त्याच्या त्या प्रवासातून पुढे साखर तयार होते. प्रकाश पकडणारे रंगद्रव्य शोधणे तुलनेने सोपे आहे, खरी कसोटी सुटलेल्या इलेक्ट्रॉनला परत येऊ न देण्यात आहे. सौरऊर्जेसाठी कृत्रिम प्रथिने घडवणाऱ्या संशोधकांचे जवळजवळ सगळे श्रम या एका गोष्टीवर खर्च झाले आहेत, आणि ती समजली की हा विषय वाटतो तितका दुर्बोध राहत नाही.

छपरावरचे सिलिकॉनचे पॅनेल आजच वीस टक्क्यांहून अधिक प्रकाशऊर्जेची वीज करून देत असताना प्रथिनांच्या मागे कशाला लागायचे, हा प्रश्न इथे रास्त आहे. गहू-तांदळासारख्या पिकांत तर प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता सैद्धांतिकदृष्ट्याही ४.६ टक्क्यांच्या पुढे जात नाही, आणि शेतात ती त्याहून बरीच कमी पडते. पण पॅनेल वीज देते आणि पान इंधन देते. वीज त्या क्षणी वापरावी लागते किंवा बॅटरीत भरावी लागते, तर लाकूड, तेल, हायड्रोजन यांत ऊर्जा रासायनिक बंधांच्या रूपाने महिनोन्महिने टिकते. शिवाय पानाच्या कमी कार्यक्षमतेचा दोष त्या पहिल्या पायरीकडे जात नाही. प्रकाश पडल्यावर इलेक्ट्रॉन मूळ रेणूपासून दूर जाऊन ऋण आणि धन भार वेगळे होण्याच्या त्या पायरीवर निसर्ग शंभरातले जवळजवळ शंभर प्रकाशकण कामी लावतो आणि नुकसान पुढच्या, साखर बनवण्याच्या लांबलचक साखळीत होते. म्हणून ती पहिली पायरी उचलून घ्यावी आणि तिला साखरेऐवजी आपल्याला हवे ते इंधन बनवणारा उत्प्रेरक जोडावा, असा हा सारा विचार आहे.

त्या पायरीचे चित्र अणूंच्या पातळीवर पहिल्यांदा दिसले ते १९८५ साली. योहान डायझेनहोफर, रॉबर्ट हुबर आणि हार्टमुट मिशेल या तीन जर्मन शास्त्रज्ञांनी एका जांभळ्या जिवाणूच्या अभिक्रिया केंद्राचे, म्हणजे भार वेगळे करणाऱ्या प्रथिनाचे, स्फटिक करून क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली आणि त्यासाठी त्यांना १९८८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या रचनेत क्लोरोफिलसारख्या दोन रेणूंची एक जवळजवळ चिकटलेली जोडी आहे आणि तिच्यापासून पुढे ठरावीक अंतरांवर एकेक रेणू ओळीने मांडलेला आहे. अशा जिवाणूंमध्ये जोडीवर प्रकाश पडला की सुमारे ३ पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या तिप्पट वेळात, इलेक्ट्रॉन जोडी सोडतो आणि सुमारे २०० पिकोसेकंदांत क्विनोन नावाच्या रेणूपर्यंत पोहोचतो. तिथून मागे यायला मात्र त्याला, या गटातल्या सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या जिवाणूत, साधारण १०० मिलिसेकंद लागतात. जाण्याच्या आणि येण्याच्या वेळांत कोट्यवधी पटींचा फरक आहे.

हा फरक येतो कुठून? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लेस्ली डटन आणि त्यांचे सहकारी ख्रिस्तोफर मोझर यांनी १९९२ साली अनेक नैसर्गिक प्रथिनांमधली मोजमापे एकत्र ठेवून दाखवले, की प्रथिनांच्या आत इलेक्ट्रॉन ज्या वेगाने उडी मारतो तो वेग मुख्यतः अंतरावर अवलंबून असतो. अणूंच्या जगात अंतर अँगस्ट्रॉममध्ये मोजतात आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. दोन रेणूंच्या कडांमधले अंतर १.७ अँगस्ट्रॉमने वाढले की उडीचा वेग दहापट कमी होतो. हा हिशेब कागदावर मांडला तर तो फार बोलका ठरतो. बाकी सगळे अनुकूल धरले तर १० अँगस्ट्रॉमची उडी साधारण एका नॅनोसेकंदात पार पडते, २० अँगस्ट्रॉमच्या उडीला एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि २५ अँगस्ट्रॉमच्या उडीला जवळजवळ एक सेकंद लागतो.

गावाकडच्या ओढ्यात पाय ठेवायला मांडलेले दगड डोळ्यांसमोर आणावेत. दगडावरून दगडावर जाणारा माणूस चार ढांगांत पलीकडे पोहोचतो, पण तेच दगड काढून घेतले तर एका उडीत ओढा ओलांडणे त्याला जमत नाही. इलेक्ट्रॉनसाठीही १०-१० अँगस्ट्रॉमच्या दोन उड्यांचा रस्ता काही नॅनोसेकंदांचा असतो. मधल्या रेणूची स्वतःची रुंदी धरून २५ अँगस्ट्रॉम भरणारा सरळ परतीचा रस्ता मात्र सेकंदभराचा होतो. निसर्गातल्या प्रथिनांमध्ये कामाच्या उड्या १४ अँगस्ट्रॉमच्या आत ठेवलेल्या आढळतात, त्याचे कारण हेच.

पण मग परतताना त्याने तेच दगड का वापरू नयेत? इथे उताराचा संबंध येतो. प्रत्येक पुढचा रेणू ऊर्जेच्या दृष्टीने आधीच्यापेक्षा थोडा खाली ठेवलेला असतो, म्हणून मागे जायचे तर चढ चढावा लागतो. तरीही एक शंका उरते: पहिल्याच दगडावरून मूळ जागेकडे परत जाण्याला तर मोठा उतार आहे, मग ती उडी सर्वात वेगाने व्हायला नको का? याचे उत्तर रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून मांडलेल्या सिद्धांतात आहे. इलेक्ट्रॉन एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला की आजूबाजूच्या अणूंना थोडे सरकून नवी मांडणी घ्यावी लागते आणि या सरकण्याला ऊर्जा लागते. उतार नेमका त्या ऊर्जेइतका असला की उडी सर्वात वेगवान होते, आणि उतार त्याहून तीव्र झाला तर वेग वाढण्याऐवजी कमी होतो. साध्या समजुतीच्या अगदी विरुद्ध असलेले हे भाकीत प्रयोगात स्पष्टपणे सिद्ध व्हायला १९८४ साल उजाडले आणि मार्कस यांना १९९२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रथिन घडवणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पुढच्या उडीचा उतार बेताचा ठेवावा आणि परतीचा उतार इतका तीव्र ठेवावा की त्या तीव्रतेमुळेच परतीची वाट मंदावेल.

म्हणजे रेणू कोणते घ्यायचे, ते एकमेकांपासून किती दूर ठेवायचे आणि त्यांच्यात उतार किती ठेवायचा, एवढेच ठरवायचे आहे. राहिला प्रश्न त्यांना त्या अंतरांवर धरून ठेवण्याचा. पेल्यातल्या स्पिरिटला ते जमत नाही, प्रथिनाला जमते.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची एकामागे एक ओवलेली माळ, जी पाण्यात आपोआप विशिष्ट घडी घेते. शंभर मण्यांची माळ वीस प्रकारच्या मण्यांतून ओवायची तर एकावर १३० शून्ये इतक्या निरनिराळ्या माळा संभवतात, आणि त्यांतल्या बहुतेकींना निश्चित अशी घडीच पडत नाही. सुदैवाने काही आकार भरवशाचे आहेत. त्यांतला सर्वात भरवशाचा आकार म्हणजे अल्फा हेलिक्स, जिन्यासारखी वळत जाणारी गुंडाळी. माळेच्या कण्याला कोणकोणत्या कोनांत वळता येते आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांना आडवे येतात, याचा नकाशा १९६३ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला, आणि आजही जगभर कुठेही प्रथिनाची नवी रचना तयार झाली की ती आधी रामचंद्रन आलेखावर तपासली जाते.

हेलिक्सच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्ले बसतात, म्हणजे साधारण सात आम्लांत दोन वेढे पूर्ण होतात. त्यामुळे दर सातांतली ठरावीक आम्ले हेलिक्सच्या एकाच बाजूला येतात. त्या बाजूला तेलकट, पाण्याला टाळणारी आम्ले ठेवली आणि उरलेल्या बाजूला पाण्यात रमणारी ठेवली, तर अशा चार हेलिक्स आपली तेलकट बाजू आत लपवण्यासाठी एकमेकींना चिकटतात आणि चार काटक्यांची मोळी बांधावी तशी रचना तयार होते. विल्यम डीग्राडो यांनी १९८० च्या दशकात कोणत्याही नैसर्गिक प्रथिनाची नक्कल न करता, केवळ या नियमावरून अशा मोळ्या बांधून दाखवल्या.

या मोळीत एक फुटपट्टी आयतीच दडलेली आहे, आणि मला या साऱ्या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट तीच वाटते. हेलिक्समध्ये प्रत्येक आम्लागणिक लांबी १.५ अँगस्ट्रॉमने वाढते, म्हणजे सात आम्लांमागे साधारण साडेदहा अँगस्ट्रॉम. मोळीच्या पोटात हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा लोहयुक्त रेणू, बसवायचा असेल तर आतल्या बाजूला हिस्टिडीन नावाचे आम्ल ठेवतात, कारण ते लोहाला दोन्हीकडून धरून ठेवते. तेच हिस्टिडीन माळेत सात घरे पुढे सरकवले की हीमही साडेदहा अँगस्ट्रॉम पुढे सरकतो आणि हिस्टिडीनचे तोंड मात्र मोळीच्या आतच राहते. सात घरांची एक ढांग आणि इलेक्ट्रॉनची एक सोयीची उडी यांचे माप इतके जवळचे आहे, की ओढ्यातला दगड कुठे टाकायचा हे माळेतली घरे मोजून ठरवता येते.

डटन आणि डीग्राडो यांच्या गटांनी १९९४ साली अशा मोळीत एकाहून अधिक हीम बसवून दाखवले. या प्रथिनांना त्यांनी ‘मकेट’ म्हटले. मोठे शिल्प किंवा इमारत घडवण्यापूर्वी कलाकार जो छोटा कच्चा नमुना करतो त्याला फ्रेंच भाषेत हा शब्द आहे. या नावात त्यांची भूमिका दिसते. वनस्पतींच्या फोटोसिस्टिम-२ मध्ये, म्हणजे प्रकाशाच्या बळावर पाण्याकडून इलेक्ट्रॉन घेणाऱ्या यंत्रणेत, सुमारे वीस प्रथिने आणि ३५ क्लोरोफिल असतात, आणि कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत त्यांचे भाग एकमेकांत इतके गुंतले आहेत की एक आम्ल बदलले तर परिणाम कुठे उमटेल हे सांगता येत नाही. त्यामुळे त्यातला कोणता भाग कामासाठी आवश्यक आहे आणि कोणता केवळ इतिहासाचा वारसा आहे, हे निसर्गाच्या प्रथिनाकडे बघून कळत नाही. साध्या मोळीपासून सुरुवात करून एकेक गुण मुद्दाम भरत गेले, की प्रत्येक आम्ल तिथे का आहे याचे उत्तर देता येते. मला ही भूमिका मनापासून पटते. सुरुवातीची मकेटे सैल होती, त्यांची घडी डळमळती राहायची आणि त्यांचे स्फटिक होत नसत. अंतर १.७ अँगस्ट्रॉमने चुकले तरी जिथे वेग दहापट बदलतो तिथे घडी डळमळून चालत नाही, म्हणून पुढची कित्येक वर्षे ती घट्ट करण्यात गेली.

प्रयोगशाळेत हे काम कसे चालते तेही पाहण्यासारखे आहे. ठरवलेल्या माळेसाठी जनुक तयार करून घेतात, ते ई. कोलाय जिवाणूत घालतात आणि जिवाणू रात्रभर वाढवून, फोडून त्यातून प्रथिन वेगळे करतात. शुद्ध झालेले रिकामे प्रथिन पाण्यासारखे रंगहीन असते. त्यात हीमचे मळकट तपकिरी द्रावण थेंबाथेंबाने सोडले की हीम मोळीत शिरून हिस्टिडीनला धरतो, द्रावणाचा रंग लालसर होतो आणि वर्णपटात ४१२ नॅनोमीटरच्या जवळ एक उंच, टोकदार शिखर उभे राहते. प्रथिनाच्या संख्येइतका हीम घालून झाला की त्या शिखराची वाढ थांबते, आणि जागा भरल्या हे त्यावरून कळते. अशी अनेक कृत्रिम प्रथिने पाणी उकळायला आले तरी उलगडत नाहीत. नैसर्गिक प्रथिनांमध्ये हा टिकाऊपणा क्वचितच सापडतो.

या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा २०२२ साली आला. नेथन एनिस्ट, डटन आणि सहकाऱ्यांनी एका लांब मोळीत अभिक्रिया केंद्राचे सर्व आवश्यक घटक ओळीने बसवले. मध्ये प्रकाश शोषणारे जस्तयुक्त पॉर्फिरिन (हीमसारखाच, पण लोहाऐवजी जस्त असलेला रेणू), एका बाजूला इलेक्ट्रॉन स्वीकारणारा हीम, आणि दुसऱ्या बाजूला टायरोसिन हे आम्ल व त्यापलीकडे धातूच्या अणूंची जोडी अशी ती मांडणी होती. प्रकाश पडला की पॉर्फिरिनचा इलेक्ट्रॉन हीमकडे जातो आणि पॉर्फिरिनमध्ये झालेली पोकळी टायरोसिन व धातू आपला इलेक्ट्रॉन देऊन भरतात. फोटोसिस्टिम-२ मध्ये टायरोसिन आणि मँगनीज हेच काम करतात. स्फटिकावरून त्यांनी रचनेची खातरजमा केली आणि भार वेगळे राहण्याचा काळ मोजला, तो १०० मिलिसेकंदांहून अधिक भरला. फोटोसिस्टिम-२ मध्ये ऑक्सिजन बाहेर पडण्याची सर्वात संथ पायरी एक-दोन मिलिसेकंदांत उरकते. म्हणजे उत्प्रेरकाला आपले काम करायला पुरेसा अवकाश या छोट्या प्रथिनाने मिळवून दिला आहे.

दरम्यान प्रथिनांची रचना करण्याची पद्धतच बदलली. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांच्या गटाने २००३ साली निसर्गात नसलेल्या घडीचे ९३ आम्लांचे प्रथिन संगणकावर आखून प्रत्यक्षात आणले, आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्याकडूनच कृत्रिम बुद्धिमत्तेची अशी साधने आली की आकार सांगितला तर त्यासाठीची माळ काही मिनिटांत सुचवली जाते. बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांच्यासोबत मिळाले. त्याच वर्षी एनिस्ट यांनी बेकर यांच्या गटासोबत क्लोरोफिलची जोडी धरून ठेवणारी प्रथिने प्रसिद्ध केली. हे काम हीमपेक्षा बरेच अवघड आहे, कारण क्लोरोफिल पाण्यात विरघळत नाही आणि दोन रेणू एकमेकांशी नेमक्या कोनात धरल्याशिवाय ते जोडीने वागत नाहीत. दोन सारखे अर्धे भाग समोरासमोर येऊन बनणाऱ्या या प्रथिनांपैकी एकात क्लोरोफिलची मांडणी नैसर्गिक जोडीसारखीच जुळली, तर दुसऱ्यात निसर्गात न दिसलेली मांडणी मिळाली. पुढे जाऊन त्यांनी अष्टफलकाच्या आकाराचा पिंजराही बांधला. त्याच्या बाराही कडांवर एकेक जोडी, म्हणजे एकूण २४ क्लोरोफिल आहेत.

इंधनाच्या बाजूने एक उदाहरण चीनमधले आहे. वांग च्यांगयुन यांच्या गटाने २०१८ साली, अंधारात हिरवे चमकणाऱ्या जेलीफिशकडून मिळालेल्या सुप्रसिद्ध प्रथिनाच्या पोटात निसर्गात नसलेले, प्रकाशाला प्रतिसाद देणारे अमिनो आम्ल बसवले आणि त्याला निकेलचा एक संयुग-रेणू जोडला. प्रकाश पडल्यावर हे छोटे प्रथिन कार्बन डायऑक्साइडचे रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये करते, आणि कार्बन मोनॉक्साइडपासून पुढे द्रव इंधने बनवता येतात. मात्र त्याला लागणारे इलेक्ट्रॉन द्रावणात वेगळ्या घातलेल्या रसायनाकडून येतात, आणि ते रसायन वापरले जाऊन संपते. पाण्याकडून इलेक्ट्रॉन मिळाल्याशिवाय असे यंत्र स्वस्त होणार नाही.

पाण्याकडून इलेक्ट्रॉन घेणे इतके अवघड का, ते संख्येत दिसते. पाण्याच्या दोन रेणूंपासून ऑक्सिजनचा एक रेणू बनवायचा तर चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात, आणि एक प्रकाशकण एका वेळी एकच इलेक्ट्रॉन हलवतो. म्हणून कुठेतरी चार पोकळ्या साठवून ठेवाव्या लागतात. फोटोसिस्टिम-२ हे काम चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अणूंच्या एका लहानशा पुंजक्याकडून करून घेते. त्या पुंजक्याची अचूक रचना २०११ साली जपानी शास्त्रज्ञांनी १.९ अँगस्ट्रॉमच्या सूक्ष्मतेने दाखवली. २०२२ च्या मकेटमधली धातूंची जोडी एका वेळी एक इलेक्ट्रॉन देते. तिला चार पोकळ्या सांभाळायला शिकवायचे, आणि तेही त्या पोकळ्यांनी शेजारच्या आम्लांवरच हल्ला न करता, हे पुढचे काम आहे. पानातसुद्धा हा हल्ला टळत नाही. तिथे कडक उन्हात डी-१ नावाचे मुख्य प्रथिन साधारण अर्ध्या तासात खराब होते आणि पेशी ते काढून त्या जागी नवे बसवते. काचपात्रात ठेवलेल्या कृत्रिम प्रथिनाला असा दुरुस्त करणारा कुणी नसतो. म्हणूनच ही प्रथिने जनुकांच्या भाषेत लिहिता येतात या गोष्टीला मोठे मोल आहे. जिवंत जिवाणूत ती सतत नव्याने बनत राहिली, तर खराब झालेली बदलण्याची सोय त्या पेशीतच होईल. पण त्यासाठी आज बाहेरून थेंबाथेंबाने घालावे लागणारे जस्तयुक्त पॉर्फिरिन पेशीच्या आत तयार व्हावे लागेल, आणि पेशीत आधीच असलेल्या हीमने त्याची जागा बळकावता कामा नये.